जुन्या फियाटमधून महाबळेश्वरला जाताना हत्यारांच्या पिशवीत नेमके काय घ्यावे?

डिलाइट ६९, दादर

नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९६९ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली असून तिचे १०८९ सीसीचे मूळ इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर अजून शाबूत आहेत. काटेकोर पाहिले तर व्हिंटेज हा शब्द १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे माझ्या गाडीला नुसती जुनी म्हटले तरी माझी हरकत नाही. येत्या जानेवारीत आम्ही चौघे तिच्यातून पेण, माणगाव, पोलादपूर या मार्गाने आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणार आहोत आणि येताना पसरणी घाटाने वाईत उतरून पुण्यावरून परतणार आहोत. प्रश्न हत्यारांच्या पिशवीचा आहे.

तो का पडला, हे सांगितल्याशिवाय उत्तर देणे तुम्हाला अवघड जाईल. गेल्या वर्षी अशाच एका प्रवासात मी अठरा किलोची पत्र्याची पेटी डिकीत ठेवली होती. तीत बत्तीस गोट्यांचा (सॉकेटचा) नवा कोरा संच, टॉर्क पाना, ग्रीस गन आणि दोन हातोड्या होत्या. कोलाडच्या अलीकडे गाडी अडखळत थांबली. प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पाहिले, तर आतल्या पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांमधली, फट जवळजवळ मिटलेली होती, म्हणजे काम पाच मिनिटांचे होते. पॉइंट आवळणारा तो बारीक स्क्रू मी माझ्याकडच्या सर्वांत लहान, तरीही त्याच्यासाठी जाडच ठरणाऱ्या पेचकसाने सैल केला आणि तो घसरून डिस्ट्रिब्यूटरच्या आतल्या पट्टीखाली जाऊन पडला. दिसत होता, पण बोटाला लागत नव्हता. शेवटी जवळच्या दुचाकीच्या गॅरेजमधला एक मुलगा जुन्या स्पीकरचे वाटोळे चुंबक घेऊन आला, त्याने सायकलचा बारीक पेचकस त्या चुंबकाला चिकटवला आणि पेचकसाच्या टोकाला लागून स्क्रू अलगद वर आला. तोवर अडीच तास गेले होते. "एवढी पेटी आणलीत, त्यात चुंबक तेवढे नव्हते," एवढेच बायको म्हणाली, आणि तिचे चुकले असे मला म्हणता आले नाही.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, चार माणसे आणि त्यांचे सामान सांभाळून सात-आठ किलोंत बसेल अशा पिशवीत हत्यारे कोणती घ्यावीत, सुटे भाग कोणते घ्यावेत, आणि घरी काय ठेवावे? शिवाय नागदेवी स्ट्रीटवरून नवी हत्यारे घ्यावीत की चोर बाजारातली जुनी शोधावीत?

जुना फिटर, परळ

तुमची पेटी दुकानात भरली गेली, गाडीसमोर बसून भरली गेली नाही, एवढेच तिचे दुखणे आहे. एकतीस वर्षे हातात पाना घेऊन काढल्यावर मी एक पद्धत सर्वांना सांगतो, तीच तुम्हालाही सांगतो. एखाद्या रविवारी सकाळी गाडीशेजारी जुनी चादर अंथरा आणि रस्त्यात जी कामे करावी लागू शकतात ती सगळी घरीच एकदा करा. चारही प्लग काढून साफ करून बसवा, पॉइंटची फट लावा, फॅन बेल्ट उतरवून पुन्हा चढवा, पेट्रोलची नळी पंपाकडून सोडवा, कार्ब्युरेटरचे वरचे झाकण उघडून जेट बाहेर काढा, आणि एक चाक उतरवून स्टेपनी लावा. या कामांत जे हत्यार हातात घ्यावे लागेल ते काम झाल्यावर चादरीवर ठेवत जा. दुपारी चादरीवर जे असेल ती तुमची पिशवी. ज्याला हात लागला नाही ते कितीही सुंदर असले तरी घरी राहू द्या.

हे केल्यावर दोन गोष्टी तुमच्या ध्यानात येतील. पहिली म्हणजे, फियाटचे माप मेट्रिक असल्यामुळे १०, १३, १७ आणि १९ एवढ्या पान्यांवर बहुतेक गाडी उघडते. मात्र पन्नास-पंचावन्न वर्षांत कोणी ना कोणी मेकॅनिकने हाताला लागेल तो बोल्ट कुठे तरी घातलेला असतोच. माझ्या हाताखालून गेलेल्या एका फियाटच्या डायनॅमोला एक नट १३ चा आणि दुसरा १४ चा होता. पुस्तिकेत हे सापडणार नाही, ते तुमच्या चादरीवरच सापडेल. दुसरी गोष्ट अशी की, एकाच मापाचे दोन पाने लागतात, कारण डायनॅमोचा बोल्ट फिरवताना मागचा नट धरावा लागतो. म्हणून फिक्स पाना आणि रिंग पाना अशी प्रत्येक मापाची जोडी घ्या. बत्तीस गोट्यांऐवजी एक प्लग पाना, एक व्हील पाना आणि फार तर १३ व १७ ची गोटी दांड्यासह घेतली की पुष्कळ झाले.

आता इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेकडे वळू, कारण अशी गाडी रस्त्यात थांबते तेव्हा बहुतेक वेळा कारण तिथेच असते. पॉइंटचा एक संच, पॉइंटवरची जादा ठिणगी शोषणारा एक कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरमध्ये फिरणारा एक रोटर आणि एक प्लग बरोबर असावा, पण हे भाग नव्या डबीतून थेट पिशवीत जाऊ नयेत. आज बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा नाही. मी स्वतः नवा कंडेन्सर गाडीला लावून तासाभराने बंद पडलेला पाहिला आहे. म्हणून नवा भाग गाडीला लावा, त्याच्यावर पन्नास किलोमीटर चालवा, आणि चालला तर तो गाडीतच ठेवून आधी काढलेला, चांगल्या अवस्थेतला जुना डबीत घाला. त्या डबीवर तारीख लिहा. पॉइंटच्या टोकांमध्ये निळसर, मोठी ठिणगी सतत दिसू लागली आणि टोके लवकर जळू लागली, तर कंडेन्सर गेला असे समजा. पॉइंट घासण्यासाठी बारीक पॉलिश पेपरचा तुकडा आणि फट मोजण्यासाठी फिलर गेज घ्या. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी असते, नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत पाहून डबीच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ हीसुद्धा तिथेच लिहा, कारण पावसात भिजत प्लगच्या वायरी पुन्हा लावताना भल्याभल्यांना ती आठवत नाही.

तुमच्या स्क्रूबद्दल सांगायचे तर चुंबक हवेच, पण त्याच्या आधी योग्य पेचकस हवा. ज्याचे पाते स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरते तोच योग्य पेचकस. पात्याला टिपूसभर ग्रीस लावले तर स्क्रू त्याला चिकटून राहतो. आणि डिस्ट्रिब्यूटर उघडला की स्क्रू सोडवण्याआधी खालच्या मोकळ्या जागेत कापडाचा तुकडा दाबून ठेवावा, ही आमच्या उस्तादांची शिकवण मी अजून मोडलेली नाही. काम झाल्यावर तो तुकडा आठवणीने काढावा, हेही त्यांनीच शिकवले होते, कारण एकदा तो आतच राहिला होता.

विजेच्या बाबतीत मल्टिमीटर घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी लोहार चाळीतून एक होल्डर, बारा व्होल्टचा बल्ब, दोन हात वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा आणून टेस्ट लॅम्प बनवा. गंजलेल्या जोडातूनही मीटर बारा व्होल्ट दाखवून तुमची फसगत करू शकतो, कारण तो वीज जवळजवळ ओढतच नाही. बल्ब मात्र खरा भार घालतो, त्यामुळे जोड कच्चा असला की तो मंद पेटून लगेच चुगली करतो. फियाटचे चिनी मातीचे फ्यूज चार-पाच घ्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालवण्याची जी रीत सांगितली जाते, तिने फ्यूज वाचतो आणि त्याच्या बदल्यात वायरिंग जळते.

हत्यारांची खरेदी नागदेवीवरूनच करा, फक्त चकाकी पाहून घेऊ नका. पाना नटावर बसवून डावी-उजवीकडे हलवून पाहा, त्यात खेळ असेल तर तो तुमचे नट गोल करणार. चोर बाजारात जुने घडीव पाने अजून मिळतात आणि ते उत्तम असतात, पण तिथे मापाचा आकडा आणि जबडा जुळतो की नाही हे पाहण्यासाठी खिशात एक नट घेऊन जावे.

मायनरवाली, विलेपार्ले

फिटरकाकांच्या चादरीच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण हा धागा वाचून कोणी इंग्रजी गाडीवाला मेट्रिक पाने घेऊन निघू नये म्हणून लिहिते. माझी १९५७ ची मॉरिस मायनर १००० आहे. तिचे नट इंचांत मोजले जातात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटरची ती फट घट्ट नटाचे कोपरे खायला पुरेशी असते. १९ चा पाना मात्र पाऊण इंचावर बिनधास्त चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. माझ्या गाडीहून जुन्या, युद्धापूर्वीच्या इंग्रजी गाड्यांचे प्रकरण आणखी निराळे आहे. तिथे व्हिटवर्थ माप असते आणि पान्यावर लिहिलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून पाव इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा प्रत्यक्षात सव्वातेरा मिलिमीटरांहून थोडा मोठा भरतो. पहिल्यांदा हे ऐकल्यावर मला वाटले की दुकानदार माझी थट्टा करतो आहे.

दुसरी गोष्ट बॅटरीची. माझ्या गाडीत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले आहे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. रस्त्यात मदतीला येणारा भला माणूस सवयीने मायनस बॉडीला लावणार, हे गृहीत धरून मी बॅटरीच्या झाकणावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. जंपर वायरी लावायच्याच झाल्या तर प्लसला प्लस आणि मायनसला मायनस लावावे, आणि दोन्ही गाड्यांचे लोखंड, विशेषतः बंपर, एकमेकांना मुळीच टेकू देऊ नयेत. फियाटवाल्यांना ही चिंता नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

माझ्या पिशवीतले सर्वांत उपयोगी हत्यार कोणते, असे विचारले तर मी पाना म्हणेन, पण नट सोडवण्यासाठी नव्हे. मायनरचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. चावी फिरवली की तो टिक टिक टिक असा आवाज करतो आणि कार्ब्युरेटर भरला की गप्प होतो. एकदा सायन-पनवेल रस्त्यावर गाडी बंद पडली, चावी फिरवली, टिकटिक नाही. बॉनेट उघडून पंपाच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच दोन टिचक्या मारल्या, पंप बोलू लागला आणि मी त्याच पावली पुढे निघाले. त्याच्या आतले पॉइंट कधी कधी चिकटतात, एवढेच ते असते. घरी आल्यावर ते साफ करायचे असतात, रस्त्यात नाही. बाजूला उभे असलेले ट्रकवाले मात्र मी मंत्र घातल्यासारखे पाहत होते.

आणि एक विनंती. पिशवीत एक कप्पा कागदांचाही असू द्या. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ सालच्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि व्हीए अक्षरांचा नंबर घेता येतो, मात्र तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिला मोकळीक आहे. ज्यांनी मूळ नोंदणीच चालू ठेवली आहे त्यांनी तिचे, विम्याचे आणि पीयूसीचे कागद हाताशी ठेवावेत.

रोजचा घाट, मुलुंड

वर इग्निशनचे एवढे आले आहे की मी त्यात भर घालत नाही. माझा मुद्दा उष्णतेचा आहे, कारण पोलादपूर ते महाबळेश्वर या सुमारे चाळीस किलोमीटरांत तुमची गाडी जवळजवळ तेराशे मीटर चढणार आहे, तीही चार माणसे आणि सामान घेऊन. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी शंभर अंशांना न उकळता पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळू लागते. सखल भागात जी गाडी काठावर चालते ती तिथे पोहोचेपर्यंत वाफ सोडते. म्हणून पाच लिटर पाण्याचा कॅन, रेडिएटरची वरची आणि खालची होज (रबरी नळी), चार होज क्लिपा आणि एक फॅन बेल्ट हे मी हत्यारांच्याही आधी डिकीत ठेवीन. फॅन बेल्ट तुटल्यावर साडीची किनार बांधून घाट उतरल्याची कथा प्रत्येक घरात एखादे काका सांगतात. मी एकदा प्रयत्न केला आहे. किनार तीन वळणे टिकली.

रेडिएटरचे झाकण गाडी थांबल्याबरोबर उघडू नका. अर्धा तास थांबा, जाड फडके धरा, आणि पहिल्या खटक्याला थांबून वाफ जाऊ द्या. हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचे झालेच तर इंजिन चालू ठेवून, बारीक धारेने ओता.

चढावर गाडी खोकून बंद पडली, ठिणगी मात्र चांगली येते आहे असे दिसले, तर बहुधा पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असते. तुमचा पंप इंजिनाला लागूनच असल्यामुळे तो तापतो. ओले फडके पंपावर आणि नळीवर टाका, वीस मिनिटे सावलीत बसा, गाडी आपोआप सुरू होईल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल अठ्ठ्याहत्तर अंशांनाच उकळते, त्यामुळे हा प्रकार पूर्वीपेक्षा वाढला आहे असे माझे निरीक्षण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून भुसभुशीत होतात. प्रवासाआधी पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या एसएई जे३० आर९ असे छापलेल्या नळीने बदला आणि तीच नळी हातभर पिशवीत ठेवा. पंपाचा पडदाही नवा घालून घ्या. पडदा फाटल्यावर तो रस्त्यात बदलण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रेक ऑइलची लहान बाटली घ्याल तर सीलबंद घ्या. उघडलेली बाटली मुंबईच्या दमट हवेत पाणी शोषते आणि पसरणी उतरताना नेमके तेच पाणी चाकाच्या सिलिंडरात उकळते. तुमच्या गाडीला चारही बाजूंना ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा उतारावर दुसऱ्या गिअरवर राहा, ब्रेकवर स्वार होऊ नका.

जादा पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये घेऊन जाण्याचा सल्ला मी वारंवार वाचतो, आणि तो मला मान्य नाही. या मार्गावर पंप मुबलक आहेत. डिकीत डचमळणारे पेट्रोल आणि पुढच्या सीटवर मुले, हे चित्र मला नको. त्याऐवजी एक किलोचे पावडरचे अग्निशामक, आयएसआय शिक्क्याचे, चालकाच्या हाताला लागेल असे बसवा. डिकीत सामानाखाली गाडलेले अग्निशामक आगीच्या वेळी कोणी काढू शकत नाही.

डिलाइट ६९, दादर

सर्वांचे आभार. काल चादर अंथरली. नऊ वाजता सुरू केलेले काम तीन वाजता आटोपले, कारण सोसायटीतले तीन शेजारी मध्येच खुर्च्या घेऊन येऊन बसले आणि प्रत्येकाच्या वडिलांची एकेक फियाट होती.

जे कळले ते सांगतो. डायनॅमोच्या पट्टीचा एक नट खरोखरच १४ चा निघाला, फिटरसाहेब. तो पाना माझ्या अठरा किलोंत नव्हताच. प्लग पान्याच्या आतले रबर झडून गेले होते, त्यामुळे प्लग बाहेर येताना सुटून पडत होता. पेट्रोलची पंपाकडची नळी सोडवताना तिचा एक काळा तुकडा माझ्या बोटाला चिकटून आला, तेव्हा ती तिथल्या तिथे बदलली. टॉर्क पाना, ग्रीस गन आणि दोन्ही हातोड्यांना कोणी हात लावला नाही. बत्तीस गोट्यांपैकी तीन लागल्या.

मात्र जॅकने माझी पंचाईत केली. माझा हायड्रॉलिक बॉटल जॅक चांगला आहे, पण चाकातली हवा काढून पाहिली तेव्हा गाडी इतकी खाली बसली की तो अॅक्सलखाली शिरेना. मूळ जॅक वडिलांच्या काळातच हरवला आहे. शिवाय कडेचा पत्रा एके ठिकाणी गंजलेला असल्याने तिथे जॅक लावायची मला भीती वाटते. यावर काय करावे? आणि ही सगळी हत्यारे पेटीत ठेवावीत की कशात?

जुना फिटर, परळ

हवा काढून पाहिलीत हे फार चांगले केलेत. शंभरातले नव्वद लोक भरलेल्या चाकावर जॅक लावून पाहतात आणि खूश होतात. तुम्ही कात्री जॅक घ्या, तो मिटल्यावर चार-पाच इंचांत मावतो. त्याबरोबर सागाची किंवा जाड प्लायची वीतभर फळी घ्या, कारण रस्त्याच्या कडेची माती जॅकला गिळते. गंजलेल्या पत्र्याला मुळीच टेकवू नका, पुढे सस्पेन्शनच्या खालच्या भक्कम भागाला आणि मागे अॅक्सलला लावा, आणि दोन्ही जागा घरी एकदा उचलून पाहा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. चाकाआड लावायला लाकडाचे दोन तिरके ठोकळे हवेत. रस्त्यावर दगड नेहमी मिळतात, पण घाटात जो दगड हाताला लागतो तो बहुधा गोल असतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही शिरायचे नाही, वस्तू कितीही आत घरंगळली असली तरी.

या निमित्ताने एक भलतेच आठवले. जुन्या डॉज, प्लिमथ यांच्यासारख्या अमेरिकन गाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असायचे. एका गृहस्थांनी दोन पैलवान उभे करून पाइप लावून तो नट सोडवायचा म्हणून आवळतच नेला आणि स्टड तोडला. तुमच्या गाडीला हे लागू नाही, पण पार्ल्याच्या ताईंच्या मापांच्या गोष्टीवरून आठवले म्हणून सांगितले.

पेटी नको. पत्र्याच्या पेटीत हत्यारे खडखडतात, एकमेकांची धार मारतात आणि अंधारात सापडत नाहीत. ताडपत्री किंवा जाड कॅनव्हास शिवणाऱ्याकडून एक गुंडाळी शिवून घ्या. प्रत्येक पान्याला त्याच्या लांबीचा कप्पा, वरून घडी पडणारी पट्टी आणि बांधायला दोन बंद, एवढे पुरे. रिकामा कप्पा दिसला की कोणते हत्यार गवतात राहिले ते निघण्याआधीच कळते. कापड गडद रंगाचे नको, फिकट असावे, म्हणजे तीच गुंडाळी जमिनीवर पसरली की सुटलेला स्क्रू तिच्यावर दिसतो. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाला आठ दिवसांत तांब येते, म्हणून पाने तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा आणि गुंडाळीत खडूच्या दोन-तीन कांड्या घाला. खडू ओल पितो. पावसाळ्यात त्या बदलत राहा.

सुटे भाग वेगळ्या डब्यात ठेवा, हत्यारांत मिसळू नका. त्याच डब्यात बाइंडिंग वायर, इन्सुलेशन टेप, एम-सील, दोन-चार नट-वॉशर आणि जुन्या सायकल ट्यूबच्या लांब पट्ट्या असू द्या. फुटलेल्या होजवर ताणून गुंडाळलेली ट्यूबची पट्टी मला दोनदा घरी घेऊन आली आहे. गुंडाळी डिकीत सामानाच्या खाली न ठेवता पुढच्या सीटखाली ठेवा. रात्री, पावसात, चौघांच्या बॅगा रस्त्यावर काढून ठेवायची वेळ यायला नको. टॉर्च डोक्याला बांधायची घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.

मायनरवाली, विलेपार्ले

गुंडाळीत एक जुना टॉवेल आणि हातांसाठी साबणाची चकती ठेवाल तर घरचे लोक पुढच्या प्रवासाला नाही म्हणणार नाहीत. हा अनुभवाचा सल्ला आहे.

डिलाइट ६९, दादर

गुंडाळी शिवून आली. सतरा कप्पे झाले, वजन हत्यारांसकट साडेचार किलो भरले, आणि सुट्या भागांचा डबा धरून सात. कात्री जॅक, फळी आणि ठोकळे मी या हिशेबात धरलेले नाहीत, ते स्टेपनीच्या शेजारी बसले. नवा कंडेन्सर लावून काल वांद्र्यापासून दहिसरपर्यंत जाऊन आलो आहे. फिटरसाहेबांनी सांगितलेले पन्नास किलोमीटर झाले की काढलेला जुना डबीत घालेन.

अठरावा कप्पा बायकोने स्वतः शिवून घेतला. त्यात स्पीकरचे चुंबक आहे.